अर्धी वीत ट्वीड

स्कॉटलंडमधल्या आर्डनागमध्ये कुणाचं लग्न ठरलं, की नवरदेव आधी पाद्रीबाबांकडे जातो की इशबेलकडे, याबद्दल खुद्द पाद्रीबाबांनाही शंका होती. किल्टवर, त्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्यावर, काय घालायचं ते इशबेलला विचारल्याशिवाय त्या खोऱ्यात कुणी कपाट उघडत नसे. तिने ना कधी शिवणकाम केलं, ना कापडाचं दुकान काढलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची नोकरी. पण नजर अशी, की चर्चच्या दारात उभं राहून आत शिरणाऱ्या पंचवीस माणसांपैकी कुणाच्या मोज्याची घडी एक बोट खाली आहे ते ती सांगायची, आणि मुख्य म्हणजे त्या माणसालाच सांगायची.

तिचे नियम पक्के होते. चांदीच्या बटणांचा काळा आखूड कोट आणि गळ्यात बो हा संध्याकाळचा थाट. भर दुपारी तो घातला, तर माणूस हॉटेलातला वाढपी दिसतो. दिवसा ट्वीडच्या खरखरीत लोकरी कापडाचा कोट, लोकरी टाय आणि कमरेपुढे साधी चामड्याची थैली. झुबके लावलेली केसाळ थैली दिवेलागणीनंतरच. कोटाखाली बिनबाह्यांचं जाकीट घातलं तर पट्टा नको, पट्टा बांधला तर जाकीट नको. कोट आखूडच हवा, कारण लांब कोट थैली झाकतो, चुण्या दाबतो, आणि घालणारा बहिणीचा परकर नेसून आल्यासारखा दिसतो. आणि किल्टची पिन फक्त वरच्या पदराला टोचायची. दोन्ही पदर एकत्र टोचणाऱ्याला ती जन्मभर विसरत नसे.

"पण वाऱ्याने उडतो ना गं!" एकदा एक नवरदेव काकुळतीला आला होता.

"उडू दे. उडायलाच शिवलाय तो. गच्च काही हवं असेल तर विजार घाल आणि घरी बस."

अशा बाईच्या पोटच्या मुलीचं, ऊनाचं, ग्रेगरशी मार्चअखेरीला लग्न ठरलं, तेव्हा सगळ्या खोऱ्याचे डोळे इशबेलच्या नवऱ्याकडे लागले. फार्कर काय घालणार?

फार्कर स्वतः या प्रश्नाकडे पाठ करून बसला होता. तो थंडीत रस्त्यांवर मीठ पसरायची लॉरी चालवायचा आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवायचा. बोलणं बेताचं. एकदा बोलला की तो शब्द मागे घेणं त्याला दात उपटण्याइतकं जड जाई. या त्याच्या सवयीवरून इशबेल त्याला चौतीस वर्षं छळत आली होती.

"बाबा, अगदी साधं हं," ऊनाने फोनवर सांगितलं होतं. "लग्न दुपारी एकला आहे. तो काळा चकचकीत कोट आणू नकोस. ट्वीडचा घाल, डोंगरावर निघाल्यासारखा ये. ग्रेगरच्या घरचे सगळे तसेच येणार आहेत."

"बरं," फार्कर म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात दिला.

पण त्याच्या ट्वीडच्या कोटात शेडमधल्या उंदरांनी घरं केली होती. अस्तर गेलं होतं, एक बाही अर्धी कुरतडली होती. इशबेलने इन्व्हरनेसची दुकानं पालथी घातली. नवे कोट होते, भरपूर होते, पण त्यांचा रंगच तिच्या मनात भरेना. फार्करचा किल्ट त्याच्या आजोबांचा. धुवून, वापरून त्याचा हिरवा रंग ओल्या शेवाळासारखा झालेला. त्याच्यावर दुकानातला प्रत्येक कोट कालच जन्मलेला दिसे. मोजे मिळाले, तपकिरी, वर वळलेल्या घडीचे. घडीखालून डोकावणाऱ्या फिती मिळाल्या, गंजाच्या रंगाच्या. मोज्यात खोचायचा बारका सुरा घरचाच होता, हरणाच्या शिंगाच्या मुठीचा. थैलीला तिने स्वतः तेल चोळून चमकवलं. सगळं जमलं आणि कोटापाशी घोडं अडलं.

मग एका सकाळी मागच्या दाराजवळ झाडू मारताना तिने मान वर केली, आणि तिला खुंटीवरचा यूअनचा कोट दिसला.

म्हणजे तो रोजच दिसत होता. चार वर्षं तो त्याच खुंटीवर होता. यूअन हा फार्करचा थोरला भाऊ. समोरच्या डोंगरांवरच्या इस्टेटीत हरणांचा राखणदार होता. प्रत्येक इस्टेटीचं स्वतःचं ट्वीड असतं, तिथल्या डोंगराच्या रंगाचं. राखणदाराला त्याचा सूट मालकाकडून मिळतो: कोट, जाकीट, गुडघ्याखाली आवळलेली विजार. यूअन शेवटचा इथे आला तेव्हा त्याला ताप होता. चुलीपाशी बसून त्याने कोट काढला, खुंटीला लावला, आणि इथूनच त्याला इस्पितळात नेलं. कोट राहिला. पुढे इस्टेट विकली गेली. नव्या मालकाने राखणदारांना छातीवर चिन्ह छापलेली नायलॉनची जॅकेटं दिली. ते ट्वीड विणणाऱ्या म्हाताऱ्याने माग मोडून टाकला. तसं कापड आता कुठे मिळणार नव्हतं.

इशबेलने कोट खाली घेतला. खिडकीपाशी नेऊन किल्टवर धरला. आणि तिच्या तोंडून आपोआप "अगंबाई" निघालं. ते दोन रंग एकाच डोंगरावरचे होते, वरच्या आणि खालच्या उतारावरचे. दोन्ही भावांचे खांदेही एका मापाचे. फक्त कोट विजारीवरचा होता, लांबलचक, खाली मोठे खिसे असलेला.

असा कोट किल्टसाठी आखूड करता येतो. आमच्याकडे कितीतरी जणांनी केलाय. खालून अर्धी वीत कापायची, पुढची टोकं गोल करायची, खिसे वर घ्यायचे. नवा घेण्यापेक्षा तो कोट जास्त शोभतो, कारण तो कुणाचा तरी असतो. इशबेलला वाटलं, मुलीचा हात धरून फार्कर चर्चमध्ये चालेल, तेव्हा भाऊ त्याच्या खांद्यावर असेल. याहून चांगली गोष्ट तिला सुचणंच शक्य नव्हतं. फार्करला आधी सांगायचं नाही, आदल्या दिवशी चकित करायचं, असंही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

एक टोचणी होती, नाही असं नाही. यूअनला मुलगा होता. टॉर्किल. आई लहानपणीच गेलेली, बापाने एकट्याने वाढवलेला. तो डोंगर सोडून समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला गेला, त्यावरून बापलेकांत वाजलं. यूअन आजारी पडला तेव्हा टॉर्किल समुद्रातच होता. वादळं, हेलिकॉप्टर नाही, अमुक नाही, तमुक नाही. पोहोचला तो थेट दफनाच्या दिवशी. फार्करने त्या दिवशी कबरीपाशी, सगळ्यांच्या देखत त्याला सुनावलं होतं. "विजार ने, जाकीट ने, बंदूक ने. पण तुझ्या बापाने माझ्या घरात काढलेला कोट तुझ्या अंगाला लागणार नाही." पोरगा पांढराफटक पडला होता. विजार आणि जाकीट घेऊन निघून गेला. त्यानंतर नाताळला कार्ड यायचं, तेवढंच.

तेव्हा तो प्रश्न मिटलेलाच होता. फार्कर आपला शब्द गिळायचा नाही, हे इशबेलपेक्षा कोणाला जास्त ठाऊक?

नॅन रेनी ही डिंगवॉलची शिवणकाम करणारी म्हातारी. तिने कोट टेबलावर पसरला, कापडावरून हात फिरवला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"फार्करला विचारलंस ना?"

"चौतीस वर्षं संसार केलाय मी त्याच्याशी, नॅन."

"ते ठीक. विचारलंस का?"

"विचारलं तर तो 'बरं' म्हणेल. त्याला दुसरं येतं काय? तू काप."

"मी एकदा कापलं की मला जोडता येत नाही हो," नॅन म्हणाली आणि खडू उचलला.

मधल्या पंधरवड्यात खुंटी मोकळी दिसू नये म्हणून इशबेलने तिच्यावर फार्करचा पिवळा रेनकोट टांगला. रेनकोटाखाली काय आहे नि काय नाही, कुणाला कळणार! आपल्या हुशारीवर ती भलतीच खूश होती. कोट तयार होऊन आला तेव्हा नॅनने कापलेल्या पट्ट्याही कागदात गुंडाळून दिल्या. इशबेलने त्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि विसरून गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी फार्कर कामावरून आला, हात धुतले. इशबेलने त्याला डोळे मिटायला लावले आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभं करून मागून कोट चढवला. बाह्या सारख्या केल्या. पुढे आली.

"उघड आता!"

फार्करने डोळे उघडले, खाली पाहिलं. त्याचा उजवा हात कोटाच्या कडेवरून खाली गेला, जिथे यूअनचा मोठा खिसा होता तिथे. खिसा नव्हता. हात नुसता मांडीला लागला.

"नॅनकडून आखूड करून घेतला," इशबेल म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "काय बसलाय बघ! एक सुरकुती नाही. अरे, बोल की काहीतरी!"

"कापला?"

"कापल्याशिवाय आखूड होतो का? आवडला नाही?"

फार्करने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या केसांत उद्यासाठी गुंडाळ्या लावलेल्या होत्या, गाल लाल झाले होते, लहान मुलीसारखी ती टाचा उंचावून उभी होती.

"छान झालाय," तो म्हणाला. "बरोब्बर बसलाय." मग कोट काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर घातला, लॉरीचा आरसा बघून येतो म्हणाला आणि मागच्या दाराने शेडकडे गेला. त्याचे डोळे ओले झाले होते. ते इशबेलने पाहिलं, आणि ती समाधानाने पाव भाजायला लागली. भावाची आठवण आली असणार, तिने स्वतःला सांगितलं. तिने नेमकं तेच तर साधलं होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि बोचरा वारा सुटला होता. चर्चच्या दाराशी माणसं येऊ लागली. ग्रेगरकडचे सगळे ट्वीडमध्ये, इशबेलने एकेकाला नजरेखालून घातलं. एका मामाच्या दोन्ही पदरांतून पिन आरपार गेलेली होती. मुलीचं सासर म्हणून तिने जीभ आवरली. फार्कर दारापाशी उभा होता आणि जो येईल तो त्याला म्हणत होता, "क्या बात है! कोट कुठून आणलास?" इशबेल फार्करला उत्तर देऊच देत नव्हती. "यूअनचा!" तीच सांगायची. "ओळखला नाहीत?" लोक कापड चिमटीत धरून पाहायचे, माना डोलवायचे. तिचा ऊर नुसता भरून आला होता.

तेवढ्यात टॉर्किल आला.

फाटकापाशी गाडी लावून तो एकटाच चालत वर आला. त्याने बापाची विजार घातली होती, गुडघ्याखाली आवळलेली, आणि बापाचं जाकीट. पांढराशुभ्र सदरा, टाय, केस विंचरलेले, दाढी ताजी केलेली. अंगात कोट नव्हता. मार्चच्या त्या वाऱ्यात तो नुसत्या जाकिटावर आला होता. दफनानंतर पहिल्यांदाच तो या गावात पाऊल टाकत होता आणि त्याचा चेहरा उजळलेला होता.

इशबेलला खरंच आनंद झाला. पण सवय वाईट. तिच्या तोंडून आधी तेच निघालं.

"टॉर्किल! अरे, कोट कुठाय तुझा? लग्नाला कुणी असं बिनकोटाचं येतं? उघड्या बाह्यांनी खाटीक दिसतोयस!"

आजूबाजूचे हसले. टॉर्किलही हसत होता, काहीतरी बोलणार होता, आणि त्याची नजर फार्करवर गेली. आधी कोटाच्या खांद्यांवर, मग हळूहळू खाली, गोल केलेल्या टोकांवर, त्याखाली दिसणाऱ्या थैलीवर. त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"विसरलो, काकू," तो म्हणाला.

काका-पुतणे समोरासमोर उभे होते. एकाच कापडाचं जाकीट एकाच्या अंगात, कोट दुसऱ्याच्या. इशबेलला कारण अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर चुकलंय एवढं कळलं.

"काका, फोनवर तुम्ही..." टॉर्किलने सुरुवात केली.

"मला लागला कोट," फार्कर म्हणाला. त्याने इशबेलकडे पाहिलं नाही. "लग्नासाठी."

"हो. दिसतंय." टॉर्किलने मान हलवली. "शोभतोय तुम्हाला." आणि तो आत जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

इशबेलने नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच चर्चच्या मागच्या भिंतीआड नेलं. ऊनाची गाडी यायला अजून थोडा अवधी होता.

"काय प्रकार आहे? खरं सांग."

फार्कर समोरच्या कबरींकडे बघत बोलला. नाताळनंतर टॉर्किलचा त्याला फोन आला होता. नव्या मालकाला डोंगरावर माणूस हवा होता, बापाच्याच जागी. पोराच्या मनात यायचं होतं, पण धीर होत नव्हता. दोघं तासभर बोलले. शेवटी पोराने विचारलं, काका, मी आलो तर बाबांचा कोट मिळेल का? तेवढं मिळालं तर मी येतो. फार्करने सांगितलं, लग्नाला ये, सगळ्यांच्या समोर बोललो होतो, सगळ्यांच्या समोर तुझ्या अंगावर घालतो. सोमवारी टॉर्किलला मालकाला होकार कळवायचा होता.

"आणि मला का सांगितलं नाहीस?" इशबेलचा आवाज फाटला.

"तू हसली असतीस," फार्कर म्हणाला. "की घेतला शेवटी शब्द मागे."

ती हसली असती. दिवसभर हसली असती, शेजारी सांगत सुटली असती.

"पण आत्ता त्याला सांग ना! हा उद्योग माझा आहे म्हणून सांग. तू का आपल्या अंगावर घेतलंस?"

"ऊनाचं लग्न आहे. आज कशाला तुझी फजिती? उद्या बोलू त्याच्याशी."

"मीच सांगते. आत्ता सांगते."

खरंच ती निघाली होती. पण गाडीचा भोंगा वाजला, ऊना आली, तिच्या पायघोळ झग्याची मागची टोकं वाऱ्याने चिखलात गेली, आणि आईला हाका सुरू झाल्या. मग प्रार्थना. मग सह्या. मग फोटोवाला, जो म्हणाला, वधूची आई इकडे, वडील जरा डावीकडे, वा, काय कोट आहे साहेब तुमचा! मग हॉलमध्ये जेवण. दोनदा इशबेलने टेबलांच्या पलीकडे टॉर्किलकडे पाहिलं. दोनदा उठायला गेली. कुणीतरी तिचा हात धरून अभिनंदन केलं. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. उठून त्या टेबलापाशी जायचं आणि म्हणायचं, मी न विचारता तुझ्या बापाचा कोट कापला, हे शब्द तिच्या तोंडात बसत नव्हते. साऱ्या गावाला काय घालायचं ते सांगणाऱ्या बाईच्या तोंडात ते बसले नाहीत. भाषणं संपू देत, तिने ठरवलं. भाषणं संपली की लगेच.

फार्करचं भाषण छोटं होतं. "ऊनाला सुखात ठेव," तो ग्रेगरला म्हणाला, "आणि तिला काही सांगायचं असेल तेव्हा वेळेवर सांग." लोक खळखळून हसले. टाळ्या थांबल्या तेव्हा टॉर्किलची खुर्ची रिकामी होती.

इशबेल धावली. टोपी पडली तरी थांबली नाही. तो गाडीचं दार उघडत होता.

"टॉर्किल, थांब! मी केलं ते. कोट मी कापायला दिला. त्याला माहीतसुद्धा नव्हतं, कालपर्यंत नव्हतं. मला वाटलं... तो तुझ्यासाठी ठेवतोय हे मला कुणी बोललं नाही रे. मी गाढव आहे."

टॉर्किलने शांतपणे ऐकून घेतलं. वाऱ्याने त्याच्या सदऱ्याच्या बाह्या फडफडत होत्या, ओठ निळसर पडले होते.

"काकू," तो म्हणाला, "तू चांगली आहेस. लहानपणापासून बघतोय. काका ओरडले की तू मागून खाऊ आणून द्यायचीस आणि सांगायचीस, काकांनीच दिलाय."

ती तसं करायची. शंभर वेळा केलं होतं.

"ते शब्दाचे पक्के आहेत. कबरीपाशी बोलले, ते पाळलं. मी फोनवर खूप गयावया केली म्हणून त्यांना नाही म्हणवलं नसेल. चुकलं माझंच. मी तेव्हा यायला हवं होतं."

"नाही रे बाबा! नॅनला विचार! डिंगवॉलच्या नॅन रेनीला जाऊन विचार, कोट कोणी आणला. तुकडे आहेत माझ्याकडे, डब्यात आहेत, मी आणते..."

"तुकडे घेऊन काय करू, काकू?" त्याने वाकून तिची टोपी उचलली, झटकली आणि तिच्या हातात दिली. "आत जा. थंडी आहे. मुलीच्या लग्नात असं बाहेर उभं राहू नये."

नुसत्या जाकिटातला तो पोरगा तिला थंडी आहे म्हणाला, आणि गाडीत बसला. हॉलमधून अकॉर्डियनचे सूर यायला लागले होते. कुणीतरी दारातून हाक मारत होतं, इशबेल, पहिला नाच, लवकर ये. ती गेली. काळ्या कोटाची वेळ झाली होती, पण फार्करने कोट बदलला नाही. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून नाचली. त्या ट्वीडला अजून यूअनच्या पाइपचा वास होता.

सोमवारी फार्करने फोन केला. त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. टॉर्किल प्रत्येक वाक्याला "हो काका" म्हणाला, मग म्हणाला, "काकूने तुम्हाला फोन करायला लावलं ना?" फार्करने फोन ठेवला. डोंगरावरची जागा पर्थच्या एका माणसाला मिळाली. माणूस चांगला आहे म्हणतात. नायलॉनचं जॅकेट घालून हिंडतो.

मे महिन्यात इशबेलने घर झाडायला काढलं. पिवळा रेनकोट खुंटीवरून काढला आणि यूअनचा कोट पुन्हा तिथे लावला. भिंतीचा रंग चुलीच्या धुराने पिवळटलेला. चार वर्षं कोट ज्या जागी टेकला होता तेवढीच भिंत मूळ रंगाची राहिली होती. कोटाच्या खाली आता त्या भिंतीचा एक पट्टा उघडा पडला होता, अर्ध्या वितीचा, स्वच्छ पांढरा. इशबेल फडकं हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली. फार्कर मागून आला, त्यानेही पाहिलं.

"रंग देऊन टाकू सगळ्यालाच," तो म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात शेजारची क्रिसी आली. तिच्या दिराचं दुसरं लग्न निघालं होतं. हातात पिशवी, पिशवीत दोन थैल्या, एक केसाळ, एक साधी, आणि दोन प्रकारचे मोजे. तिने ते सगळं टेबलावर मांडलं आणि आरामात खुर्ची ओढली.

"बाई, तू सांग आता. आमच्या डंकनला यातलं काय घालू? लग्न चारला आहे, म्हणजे धड दुपार नाही, धड संध्याकाळ नाही. आणि त्याचा तो जुना तपकिरी कोट आहे ना, तो मी म्हणते कापून..."

"डंकनला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचंय?" क्रिसी हसली. "त्याला काही कळतं का? तू मला सांग."

इशबेलने केसाळ थैली उचलली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि पिशवीत ठेवली. मग दुसरी ठेवली. मग मोजे, घडी घालून. पिशवी क्रिसीच्या मांडीवर ठेवली.

"घरी जा, क्रिसी," ती म्हणाली. "आधी त्याला विचार."

क्रिसी आली तशी गेली. इशबेलची तब्येत बरी दिसत नाही, असं तिने संध्याकाळपर्यंत गावभर सांगितलं.